आपलं आपण आवरायचं नाही

२ नोव्हेंबर, रविवार

यात्रेतलं माझं पहिलं पुण्यकर्म म्हणजे मोरीच्या जाळीतून कुणा अनोळखी बाईच्या केसांची गुंतवळ ओढून काढणं. ओली, साबणानं बुळबुळीत, बोटांना चिकटून बसणारी. परत परत हात धुतले तरी अजून नखात अडकलीय असं वाटतंय.

झालं असं. सकाळी बसनं पहिल्या विहारापाशी उतरले. बुद्धांपुढे फुलं ठेवली, वंदना केली आणि आता निघायचं म्हणून सॅक पाठीला लावली, तर भंते म्हणाले, "आज इथंच मुक्काम करा. वाटेची रीत शिकून घ्या, उद्या निघा." भंते वयानं माझ्या भाच्याएवढे असतील. आवाज मऊ. मला वाटलं, रीत म्हणजे एखादी गाथा पाठ करायची असेल. त्यांनी माझ्या हातात बादली आणि खराटा दिला.

रीत अशी. या वाटेवर एकट्यानंच चालायचं. प्रत्येक मुक्कामी विहाराच्या मागं यात्रेकरूसाठी एक खोली आणि तिला लागून मोरी-संडास. पोचलो की आधी आपल्या पुढं गेलेल्या यात्रेकरूची घाण काढायची. त्याची चादर, उशीचा अभ्रा धुवायचा, केर काढायचा, मोरी-संडास घासायचं. मग कपाटातली धुतलेली चादर काढून पाठ टेकायची. आणि सकाळी निघताना आपलं काहीएक आवरायचं नाही. जसं असेल तसं टाकून चालू लागायचं. ते मागून येणारा काढेल.

"म्हणजे माझी घाण दुसऱ्यानं काढायची?" मी विचारलं.

"हो."

"आणि मी तिसऱ्याची?"

"हो."

"त्यापेक्षा ज्यानं त्यानं आपापली काढली तर?"

भंते हसले. "मग इतकं चालायचं कशाला? तेवढं तर घरीही जमतं."

याला उत्तर म्हणत नाहीत. जन्मभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय मी. जंतू म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. माझ्या हातात असतं तर या वाटेवरच्या एकूण एक खोल्यांना सील ठोकलं असतं.

खरं तर ही यात्रा माझी नव्हेच, यांची. कपड्यांच्या दुकानात कटिंग मास्तर होते. कैची चालवता चालवता दर वर्षी म्हणायचे, निवृत्त झालो की ही वाट चालणार. बूटसुद्धा घेऊन ठेवले. बूट खोक्यातच राहिले आणि आतड्याचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं. आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, त्यावर मधे भोक कापलेली चकती बसवून पिशवी चिकटवलेली असते. कायमची. मग तेच म्हणाले, "माझ्याऐवजी तू जाऊन ये. जरा मोकळी हो." मी तोंडदेखलं नको नको केलं आणि दुसऱ्या दिवशी सॅक झटकायला काढली, खोक्यातले त्यांचे बूटही पायात चढवले. वन्सं येऊन राहिल्यात त्यांच्याजवळ. सख्खी बहीण. माझ्यापेक्षा बरंच करतील.

मोकळी व्हायला आले आणि खराटा हातात आला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर हायवेच्या कडेनं चालले. ट्रक अंगावर धूर सोडत जातात. कडेला फुटलेल्या बाटल्या, मेलेलं कुत्रं, कुणी कुणी गाडी थांबवून केलेली घाण. पुढं कोंबड्यांची मोठी शेड लागली, तिचा वास कपड्यांतून अजून जात नाहीये. या वाटेवरून म्हणे शेकडो वर्षं लोक शांती शोधत चाललेत. शोधतच राहिले असतील.

खोली उघडली आणि ओळखलं, तीच. केस तेच, लांब, टोकाला रंगवलेले. चालताना ती माझ्या एक दिवस पुढं आहे, म्हणजे रोज हिचंच काढायचं. पलंगाखाली संत्र्याच्या साली, खिडकीत पायाची कापलेली नखं. नखं! ओळीनं ठेवलेली, जशी काही कुणी बघायला येणार आहे. नाव ठाऊक नाही, म्हणून मी तिला 'महाराणी' म्हणते. महाराणीचा अभ्रा तेलानं पिवळा झालेला. उशी नाकापासून हातभर लांब धरून नेली.

संध्याकाळी निवांत बसल्यावर एक ठरवलं. महाराणीचं काढायचं तर काढीन, नियमच आहे. पण माझी घाण मी कुणाला काढू देणार नाही. निघण्याआधी माझी चादर मी धुणार, माझा केस मी उचलणार. मागून येणाऱ्याला खोली आरशासारखी मिळेल. हा नियमभंग असेल तर असू दे. आपली लाज आपल्यापाशी.

आता एक गोष्ट लिहिते, कारण ती कुणाला सांगता येणार नाही. मला यांची किळस येते.

माया आहे. काळजीही आहे. डॉक्टरांनी ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण ती चकती पोटावरून सोडवताना वास येतो आणि माझं काळीज नाही, पोट वर येतं. गंमत म्हणजे लॅबमध्ये हेच काम केलं मी. लोकांच्या डब्या उघडायच्या, काचेवर घ्यायचं, बघायचं, लिहायचं. दुपारी शेजारच्या खोलीत बसून चवीनं जेवायचे. डबीवर नंबर असायचा. नंबराची किळस येत नाही.

यांना मात्र हे कळलेलं नाही, तेवढं बरं. रुमालाला बाम लावून तो नाकाजवळ खांद्यावर टाकते, श्वास रोखते आणि चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही. तेही तेवढा वेळ भिंतीकडे बघत बसतात. एकदा म्हणाले, "कांद्यानं वास जास्त येतो म्हणे. बंद करतो." कच्च्या कांद्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस. मी "बरं" म्हटलं. मनातून सुटल्यासारखं झालं.

५ नोव्हेंबर, बुधवार

फोन लागला. वन्सं म्हणाल्या, "दादा बरा आहे, पण जेवत नाही गं वहिनी. दोन घास खातो आणि ताट सारतो."

वन्संच्या हातचं मीठ कमी असतं, त्याला कोण काय करणार. मी म्हटलं, मीठ वाढवा. त्यांनी तिथंच विषय तोडला. राग आला असणार.

मग हे आले फोनवर. आवाजात हुरूप होता. "तुझं चाललंय ना नीट? इकडची काळजी करू नकोस. सगळं झकास."

"दिवसभर काय करता?"

"कैची काढलीय परत. चालवतोय थोडी."

बरं वाटलं. ऑपरेशननंतर कैचीला हात लावला नव्हता. वन्संनी मागून सांगितलं की दादा दार लावून आत बसतो आणि नुसती कात्रणं बाहेर काढतो. म्हटलं बसू द्या, मन रमतंय ना.

महाराणीनं आज मोरीत टूथपेस्टच्या पिचकाऱ्या मारल्यात, भिंतीपर्यंत. हिच्या आईनं हिला काय शिकवलं कोण जाणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

टाचेला फोड. फुटला. त्यातलं पाणी मोज्याला चिकटलं. स्वतःच्या पायाचा वास घेतला आणि महाराणीला दोन शिव्या कमी दिल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज एका माणसानं मला भर रस्त्यात चोर म्हटलं.

फोडामुळं लंगडत होते, म्हणून चहाच्या टपरीवर जास्तच वेळ टेकले. तेवढ्यात मागून एक आडवा-तिडवा माणूस धापा टाकत आला. पोट पुढं, डोक्यावर टॉवेल, बगलेत घामाचे नकाशे. माझ्या सॅककडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझ्या एक मुक्काम पुढं एक बाई चालतात. तुम्हीच का त्या?"

"कोण त्या?"

"अहो, खोली चाटूनपुसून जाणाऱ्या! रोज मुक्कामाला पोचतो, बादली भरतो, बाह्या सरसावतो आणि बघतो तर काय, हॉस्पिटल! एक केस नाही, एक डाग नाही. चादर दोरीवर! आज तुम्हाला गाठायचंच म्हणून मध्यरात्रीच निघालो."

मला वाटलं आभार मानतोय. म्हटलं, "त्यात काय, सवय आहे मला."

"सवय गेली खड्ड्यात! माझ्या वाट्याचं काम खाताय तुम्ही, बाई. मी काय इथं हवा खायला आलोय? टायरचं दुकान बंद ठेवून आलोय. बायको म्हणाली, पुण्य घेऊन या, नाहीतर घरात पाऊल टाकू नका. तुमच्यामुळं माझ्या पदरात अजून एक दमडीचं पुण्य नाही! दुसऱ्याच्या वाट्याचं खाणं म्हणजे चोरीच की."

लोक बघायला लागले. मी म्हटलं, "माझी घाण परक्या माणसानं काढलेली मला चालत नाही."

"अन् तुम्ही काढता ती कुणाची? मावशीची?"

एवढं बोलून त्यानं चहा बशीत ओतला आणि असा भुरका मारला की माझ्या अंगावर काटा आला. चहा संपल्यावर बोटानं दात कोरले, बोट बघितलं आणि पँटला पुसलं. हा माणूस रोज माझ्या मागून त्याच पलंगावर झोपतो या कल्पनेनं मला शिसारी आली.

टायरवाल्यासाठी म्हणून काही मी सवय बदलणार नाही. नाकानं कांदे सोलते म्हणाला मला, मागच्या मुक्कामी परत जाता जाता. सोलते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहावं की नाही. लिहितेच. ही वही कुणी बघणार नाही.

त्या टपरीवर चहाबरोबर उकडलेलं अंडं खाल्लं होतं. लॅबमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईनं, उघड्यावरचं, माशा बसलेलं अंडं. शहाणपण सगळं रिपोर्ट लिहिण्यापुरतं होतं म्हणायचं. मुक्कामी पोचले, महाराणीचं आवरलं आणि पोटात कळ आली. त्यानंतर सुमारच राहिला नाही. पहिल्या काही वेळा संडासापर्यंत पोचले. मग नाही पोचले. ताप चढला. विहारातल्या म्हाताऱ्या सेवकांनी मीठ-साखरेचं पाणी दारात ठेवलं आणि डॉक्टरला बोलावून आणलं. गोळ्या मिळाल्या. पण पलंग, फरशी, माझे कपडे... मी बादली ओढून आवरायला गेले आणि त्यातच बसले. उठताच येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. टायरवाला.

मी ओरडले, "आत येऊ नका! मी आवरतेय!"

तो आत आलाच. दारात उभा राहिला. नाकाला हात लावला आणि मोठ्यांदा म्हणाला, "शी शी शी! अरे बापरे! काय केलंय हे बाई तुम्ही! अहो, माणसानं किती घाण करावी याला काही मर्यादा!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर मला असं कुणी बोललेलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

आणि तोंडानं हे सगळं चालू असतानाच त्यानं टॉवेल कमरेला खोचला, मला दंडाला धरून उठवलं, खुर्चीत बसवलं, पाठीवर चादर टाकली आणि कामाला लागला. "शी! इथंपण! अहो भिंतीवर कसं गेलं? भिंतीवर जायचं कारणच काय?" करत करत सगळं काढलं. मधे एकदा बाहेर जाऊन उलटी करून आला. तोंड धुतलं आणि परत चालू. सेवकांची बायको येऊन माझे कपडे बदलून गेली. मी मान वर केली नाही. बाहेर दोरीवर माझी चादर झटकताना तो सेवकांना सांगत होता, "हां, आज झालं काहीतरी! आज पदरात पडलं!"

नंतर ताक घेऊन आला. म्हणाला, "प्या. आणि रडताय कशाला? घाण होती, काढली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तसं चाललं होतं तुमचं. तुमची घाण काय सोन्याची होती, जपून ठेवायला?"

"तुम्हाला किळस नाही आली?"

"आली की! ओकलो ना बाहेर. ऐकलं नाहीत का? साऱ्या गावानं ऐकलं."

आणि फस्सकन हसला. दातात कसलं तरी हिरवं अडकलं होतं.

मला त्याचा राग येतोय, हे मला लिहून ठेवायचंय. उपकार आहेत, पण राग येतोय. आणि तरी एक नवल वाटतं. तो शी शी करत होता तोवर मला त्याची भीती वाटत नव्हती. सगळं बोलूनच टाकल्यावर त्याच्या पोटात अजून काय उरलं असेल याचा विचार करावा लागत नव्हता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल उठून बसले, आज चालले. टायरवाला पुढं गेलाय. महाराणी तर केव्हाच कुठल्या कुठं. आता त्याचं मी काढायचं.

दार उघडलं आणि जे काय दिसलं ते सांगत नाही. एवढंच लिहिते, त्यानं कुठंतरी टरबूज मिळवलं होतं. बियांवर मुंग्यांची फौज आणि अभ्र्यावर डोक्याच्या तेलाचा नकाशा. संडासाबद्दल तर बोलूच नये.

खोलीत एकटीच होते. खराटा हातात घेतला आणि मोठ्यांदा म्हटलं, "शी!" कसंतरीच वाटलं. परत म्हटलं. "शी! मेल्या, माणूस आहेस की रेडा?" बाहेर सेवकांनी ऐकलं असेल. ऐकू दे. सगळं घासून होईपर्यंत मी त्याला जाहीर शिव्या देत होते, आणि गंमत म्हणजे एकदाही श्वास रोखून धरावा लागला नाही. बाम सॅकमध्येच राहिला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मला जो संताप आलाय, तो इतक्या दिवसांत महाराणीचाही आला नव्हता.

आजचा रस्ता नदीच्या कडेनं होता. नदी कसली, गटार. साबणाचा फेस, प्लास्टिक, आणि वर घारी. तरी चालताना मनात तयारी करत होते की आज टायरवाल्यानं काय वाढून ठेवलं असेल. एक-दोन नव्या शिव्याही जुळवल्या होत्या. पोचले, बादली भरली, बाह्या वर केल्या, दार उघडलं.

खोली स्वच्छ. फरशी पुसलेली. चादर दोरीवर, मोरीत फिनेलचा वास.

इथल्या सेवकांना विचारलं, तर म्हणाले, "टायरवाले दादा करून गेले. म्हणाले, मागून येणारी बाई आजारातून उठलीय, तिला माझा त्रास नको."

मी बादली आपटली. मला त्रास नको हे ठरवणारा तू कोण रे? मी सांगितलं होतं तुला? मी काय अपंग आहे? मी तुझं काढू शकत नाही असं वाटलं ना तुला? त्या दिवशी मला चोर म्हणालास, आणि आज? चांगली ओरडले असते, पण समोर ऐकायला कुणी नव्हतं. नुसती पुसलेली फरशी. आपल्या तोंडावर कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं वाटलं. पलंगावर बसवेना, म्हणून उंबऱ्यात बसून घरी फोन लावला.

वन्संनी उचलला. आवाज बसलेला. म्हटलं काय झालं.

"वहिनी, दादानं शपथ घातलीय, पण आता नाही राहवत. अगं, अर्धा झालाय तो. खातच नाही. म्हणतो, कमी खाल्लं की पिशवी कमी भरते."

"मीठ..."

"मिठाचं काय घेऊन बसलीस! दार लावून घेतो मोरीचं, तास तास. मला हात लावू देत नाही. ती चकती कापतो, चिकटवतो, निसटते, घाण होते, धुतो, परत कापतो. हात थरथरतात त्याचे अशक्तपणानं. परवा तिथंच चक्कर येऊन बसला. म्हणतो, तुझी वहिनी यायच्या आत मला जमलं पाहिजे. यापुढं तिला याला हात लावू द्यायचा नाही. तिला त्रास नको."

मग काय बोलले आठवत नाही. फोन ठेवला.

हेच तर मला हवं होतं. ऑपरेशन झाल्यापासून हेच हवं होतं, की कुणीतरी ते काम माझ्या हातातून काढून घ्यावं. मग मी अजून उंबऱ्यातच का बसलेय? अंड्याचा अशक्तपणा बाकी असेल.

यांना कसं कळलं? मी तर चेहऱ्यावर काही दाखवलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

यात्रा इथंच सोडली. पुढचे विहार राहिले. सेवक म्हणाले, आत्ता तर निम्मी वाट झाली. म्हटलं, बूट यांचे आहेत, उरलेली वाट त्यांची त्यांना ठेवलीय.

निघताना सवयीनं चादर ओढली, आणि तशीच सोडली. चुरगळलेली, घामाची, उशीवर माझे पांढरे केस. बेसिनमध्ये थुंकीचा डाग होता, तो पुसायला हात गेला, मागं घेतला. मोरीत ओला टॉवेल पडला होता. दाराबाहेर पडताना गुन्हा केल्यासारखं वाटत होतं. माझ्या मागून कोण येतंय ठाऊक नाही. शी म्हणेल. म्हणू दे.

बसमध्ये शेजारी एकजण रस्ताभर नाक कोरत होता. मी त्याला सांगितलं, दादा, किळस येते. तो ओशाळला आणि रुमाल काढला. जगात अर्धी कामं नुसतं सांगून होतात, आणि हे मला म्हातारपणी कळायचं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरी पोचले दुपारी. वन्संनी दार उघडलं आणि नुसतं मोरीकडे बोट केलं. दार बंद. आतून पाण्याचा आवाज.

मी दार वाजवलं. "अहो."

पाणी थांबलं. "आलीस? एवढ्यात कशी? तू बस. चहा घे. माझं मी आवरून येतो."

"उघडा."

"आवरतो म्हटलं ना. आता येतं मला सगळं. तुला बघायची गरजच नाही."

"त्या वाटेवरचा नियम ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कसला नियम?"

"स्वतःची घाण स्वतः आवरायची नाही. उघडा दार. नाहीतर इथंच बसते आणि वन्संना पण बसवते."

आत बादली सरकल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

स्टुलावर बसले होते. सदरा वर खोचलेला, बरगड्या मोजाव्यात अशा दिसत होत्या. पोटावरची चकती एका बाजूनं सुटली होती आणि सगळं मांडीवर, स्टुलावर, फरशीवर आलं होतं. खिडकीत जुन्या चादरीच्या तुकड्यांतून कापलेली वर्तुळं रचून ठेवली होती. लहान-मोठी, सुरुवातीची वाकडी, मग हळूहळू गोल. इतके दिवस दार लावून ही कैची चालवत होते. आणि मी म्हणाले होते, मन रमतंय.

वास आला. तोच. सवयीनं श्वास धरायला गेले, चेहरा आपोआप सरळ व्हायला लागला, आणि माझं मलाच कळलं. मी श्वास सोडला. म्हटलं, "शी! अहो, काय घाण वास मारतोय हो हा! उकिरडा बरा!"

हे दचकले. माझ्याकडे बघत राहिले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. वाटलं, संपलं. हात दाखवून अवलक्षण.

मग हळूच म्हणाले, "बोललीस एकदाची."

"म्हणजे?"

"लॅबमधून तुला न्यायला यायचो ना, तेव्हा काचेतून दिसायचीस. डब्या उघडताना. रेष हलायची नाही तोंडावरची. माझी पिशवी काढताना तेच तोंड करून बसायचीस. मला वाटायचं, आता माझ्यावरही नंबर टाकते की काय."

मी खाली बसले. फरशीवर, आहे त्यात. कपडे खराब झाले. रडायला आलं, पण हात कामाला लावले. कोमट पाणी मागवलं. चकती सोडवली, पुसलं. "शी, इथंपण गेलंय... अहो, पाय उचला... अगं बाई गं, काय हे!" मी बोलत होते आणि यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडताहेत. हसत होते. हसताना पोट हललं आणि आणखी थोडं बाहेर आलं. मी ओरडले, "हसू नका!" तर जास्तच हसले. बाहेर वन्संना काही कळेना. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, नाकाला पदर लावला आणि परत गेल्या.

नव्या चकतीचं भोक मी कापायला घेतलं, तर कैची माझ्या हातातून काढून घेतली. "हे राहू दे. हे तुला नाही जमत. आजवर वाकडंच कापलंस, म्हणून गळायचं." कैची अलगद फिरली. जन्मभर सदऱ्यांचे गळे कापलेला हात. बेताचं, गोल. बरोबर बसलं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, वाकडं कापते म्हणून?"

"तुझं ते तोंड बघून बोलायची हिंमत कुणाची? आणि तो बाम टाकून दे तेवढा. शिंका येतात मला त्यानं."

दोघांनी हात धुतले. आंघोळ करून मी यांना कॉटवर बसवलं आणि वाटेतलं सगळं सांगितलं, टायरवाल्याचं, अंड्याचं, भिंतीचंसुद्धा. महाराणीच्या नखांची ओळ ऐकून म्हणाले, "बूट ठीक होते ना?" म्हटलं, तुमचे बूट चावतात. उरलेली वाट तुम्ही चाला, मग कळेल.

संध्याकाळी ताट वाढलं. दोन घास खाल्ले आणि थांबले. वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी माझं जेवत राहिले. हे ताटाकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "कांदा आहे का गं?"

मी अख्खा फोडून दिला. सगळा खाल्ला, वर भातही दोनदा घेतला. उद्या सकाळी या घरात उभं राहवणार नाही.